काटा शंभरावर

मावळात टाकवे बुद्रुक सोडून वडेश्वर-खांडीकडे निघालं, की लागणाऱ्या गावांत इंटरनेटची जोडणी द्यायला आलेला पोरगा पुजाऱ्याच्या गांभीर्याने राउटर लावतो, त्याला मोबाईल खेटवतो आणि स्पीड टेस्टचा काटा शंभरावर नेऊन दाखवतो. "बघा काका, आलं का नाय?" येणारच! चाचणी बहुधा जवळचाच सर्व्हर निवडते, पुष्कळदा कंपनीच्याच जाळ्यातला. भाच्याची परीक्षा मामाने घेतली, पोरगं पहिलं आलं. आपल्याला जायचं असतं ते मामाच्या अंगणापलीकडे.

त्यात हा शंभराचा आकडा मेगाबिटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे फाइल उतरणार सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. पावतीवर हा भागाकार कोणी करून देत नाही.

खरा वेग पाहायचा, तर लॅपटॉपला थेट केबल जोडा, घरातले बाकीचे मोबाईल बंद ठेवा, दूरचा सर्व्हर निवडा आणि रात्री नऊला, अख्खा गाव सीरियल बघत असताना, चाचणी घ्या. वर लाइट असायला हवी. इथल्याच ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीत १९२२ पासून वीज होते खरी, पण ती मुंबईसाठी.

एवढा मुहूर्त साधून काटा तिनावर अडकला, तरी ‘हे ब्रॉडबँडच नव्हे’ असं ओरडायची सोय नाही. सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. पैसे शंभराचे भरा, मिळू देत तीन; कागदोपत्री तुमच्या घरी ब्रॉडबँडच आहे, तोही किमान मर्यादेच्या दीडपट.