वडशाच्या रंगभूमीवरचा नवा फौजी

वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर इथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत बुकिंगची गर्दी उसळते आणि रात्र-रात्र नाटकं बघून कोणता नट कच्चा, कोणता पक्का हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. तरी एक नट इथेही हमखास खपतो. जुनी बुलेट ओएलएक्सवर टाकली की त्याचा फोन येतो. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, नुकतीच झालेली बदली. नेपथ्य चोख.

खरं तर तो पहिल्याच वाक्याला पकडला जावा, कारण तो घासाघीस करत नाही. वांगी घेतानाही दोन रुपये सोडवून घेणारे आपण, गाडी न बघता पूर्ण भाव देणाऱ्याला मात्र देशभक्त समजतो! मग येतो क्यूआर कोड. ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पण तेव्हा आपण साहेबांना ‘जय हिंद’ म्हणण्यात गुंतलेलो असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागायची सोय बंद झाली, म्हणजे फौजीचं एक हत्यार गेलं. क्यूआर कोड आणि ‘पैसे जमा’चा बनावट एसएमएस अजून शाबूत आहेत.

फसल्यावर ताबडतोब १९३० ला फोन करायचा असतो. पण बरेच जण आधी फौजीलाच लावतात. तोही भला माणूस, उचलतो आणि रक्कम परत करण्यासाठी दुसरा कोड पाठवतो.