ऐकलंत का, लडाखची गाडी परत गेली!

अहो, ऐकलंत का? समोरच्या काकूंच्या धाकट्यानं लडाखला जायला बघितलेली ती मोटरसायकल घेतलीच नाही! इसाराच्या नोटा मोजून टीपॉयवर ठेवलेल्या, आणि ऐन वेळी... जरा अशा कुंपणाजवळ या ना, काकू गच्चीत कपडे काढतायत.

नव्या गाडीला काका पैसे देईनात, म्हणून सेकंडहँड. ते तुम्हाला ठाऊकच आहे. विकणारा आला तो काय ऐटीत! ‘सिंगल ओनर, 2021 चं मॉडेल, फक्त बारा हजार किलोमीटर.’ काका खूश, लगेच चहा टाकायला सांगितला. पण थोरल्या सूनबाईंनी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांना आधीच निरोप धाडलेला. पक्की आहे हो ती!

चाचांनी चावीसुद्धा मागितली नाही. नुसता इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ‘गरम करून आणलीत?’ रात्रभर उभी असलेली थंड गाडी पहिल्यांदा चालू होते ना, तेव्हाच ती खरं बोलते म्हणे. खडखड ऐकू येते, निळा धूर दिसतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. विकणारा म्हणतो, ‘चालवतच आलो ना.’ पलीकडच्या गल्लीतून! तेवढ्यात इंजिन पोळतं होय?

मग चाचा खालीच बसले. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन ओढली, तर ती चांगली वर उचलली गेली. दात करवतीसारखे टोकदार. फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत. ‘बारा हजारांत एवढं?’ एवढंच विचारलं हो, पण काकांची बशी ओठांपाशीच थांबली!

आणि त्या धाकट्याचं तोंड तर... तर काय सांगत होते? हां, टायर! टायरवर चार आकडे असतात बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्यावर काय, 1418! म्हणजे 2018 चा. गाडीच्या आधी टायर जन्मला की!

पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं, तर मधोमध खटकन अडकलं. कोनसेट गेला. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ. लिव्हरची टोकं घासलेली, म्हणजे गाडीबाई एकदा तरी आडव्या झालेल्या. आणि मागे बॅगा लावायचं कॅरिअर असतं ना, त्याच्याखाली फ्रेमला वेल्डिंग, वरून ताजा काळा रंग. सामान लादून खड्ड्यांतून हाणली की तिथेच तडा जातो म्हणे.

तोवर सूनबाईंनी मोबाइलवर नंबर टाकलेला. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच! बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 नसेल तर नुसत्या 29-30 वर सह्या करून काय उपयोग? तर विकणारा म्हणतो कसा, ‘सह्या घेऊन ठेवा, नावावर सावकाश करा.’

त्यावर ती इतकी शांतपणे बोलली म्हणून सांगू! ‘चालेल की. पण यानं कुठे ठोकली, तर भरपाईची नोटीस तुम्हालाच येईल. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, असं 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय.’ अहो, त्याचा चेहरा खर्रकन उतरला! उभ्या उभ्या वीस हजार कमी करायला निघाला. काकांनी नोटा उचलून खिशात घातल्या, एक शब्द नाही.

आता तीच गाडी मागच्या सोसायटीत दाखवतोय म्हणे, पॉलिश मारून. मी कुणाचं वाईट चिंतत नाही हं... पण तुमचा भाचा तसलीच गाडी शोधतोय ना? चाचांचा नंबर देऊ का?