शेऱ्याचा रकाना

ख्रिस्ती मंडळीच्या दफ्तरात बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि मृत्यूची अशा तीन नोंदवह्या असाव्या लागतात, आणि चौथी जमाखर्चाची, जी बिनचूक नसेल तर पहिल्या तीन वह्यांतील पुण्य वरिष्ठांच्या दृष्टीने फारसे जमेस धरले जात नाही. आमच्या तिसगावच्या मंडळीत यांखेरीज एक पाचवी वही आहे. ती ठेवावी असे कोणत्याही घटनेत कलम नाही; परंतु उद्या देवळास आग लागली तर सभासद सर्वांत आधी तीच बाहेर काढतील आणि पाळकाची आठवण त्यांस त्यानंतर होईल, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. ही प्रार्थना-विनंत्यांची वही होय. रविवारी उपासनेपूर्वी ज्याने त्याने तीत आपली गरज लिहावी आणि मी ती वेदीजवळ उभा राहून देवापुढे मांडावी, अशी येथील वहिवाट आहे.

पूर्वी ही वही साध्या ओळींची होती. पुढे महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ मंडळीचे सेक्रेटरी झाले आणि त्यांनी फूटपट्टी घेऊन पहिल्याच आठवड्यात तिच्यात पाच रकाने आखले: अनुक्रमांक, अर्जदाराचे नाव, विषय, दाखल तारीख आणि शेरा. पहिल्या चार रकान्यांविषयी माझी तक्रार नव्हती. पाचव्याचे प्रयोजन मात्र मी त्यांस नम्रपणे विचारले. "साहेब," ते म्हणाले, "अर्ज दाखल करून घेतला की निकाल द्यावा लागतो. न्हाई तर लोक वर अपील करतात." वर म्हणजे कोठे, हे मी विचारले नाही.

तिसगाव हे नगरहून पाथर्डीस जाताना करंजीचा घाट ओलांडल्यावर लागणारे, जुन्या वेशी अंगावर वागविणारे बाजाराचे गाव. प्रदेश पर्जन्यछायेचा असल्यामुळे येथे आकाशाकडे पाहण्याची सवय प्रत्येकास असते, आणि तीत भक्तीचा भाग किती व हवामानाचा किती हे पाहणाऱ्यासही नेमके सांगता येत नाही. अशा गावातील वहीत आत्मिक उन्नतीचे अर्ज थोडेच यावयाचे. 'बोअरला पाणी लागावे', 'मुकादमाची उचल फिटावी', 'जर्सी गाभण राहावी', 'नातवाच्या हातचा मोबाईल सुटावा', असे विषय त्या रकान्यात एकाखाली एक उतरत जातात. दसरा झाला की मंडळीतील निम्मी कुटुंबे ऊसतोडीस कारखान्यांवर निघून जातात आणि नाताळात मला बऱ्याच रिकाम्या बाकांस ख्रिस्तजन्माची सुवार्ता सांगावी लागते. पण त्या लोकांचे अर्ज थांबत नाहीत. ते आता फोनवर येतात, आणि सेक्रेटरी त्यांची नोंद 'आवक टपाल' या सदराखाली करतात.

धर्मशिक्षणाच्या काळात आम्हांस कृपा, पवित्रीकरण, अनंतकाळचे जीवन अशा गहन विषयांवर प्रार्थना रचण्याचा अभ्यास करविला गेला होता, आणि त्या रचनेत मी बऱ्यापैकी प्रवीण समजला जात असे. एका रविवारी जर्सी गाईच्या अर्जापूर्वी मी पापक्षमेचा एक विस्तृत आणि, माझ्या मते, ओघवता परिच्छेद घातला. उपासना संपल्यावर पहिल्या बाकावरील आजीबाई काठी टेकीत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर आधी हाय का पापाची क्षमा आधी?" मी मनातल्या मनात ती प्रार्थना म्हणून पाहिली. देवाचे नाव, राज्य आणि इच्छा यांचा मान आरंभी आहे हे खरे. पण मनुष्याने स्वतःसाठी जे मागावयाचे त्यात पहिला क्रमांक भाकरीचाच लागतो, पापाचा मागाहून. "मंग?" आजीबाई म्हणाल्या. "उपाशी माणसाला पाप आठवतंय व्हय?" मोठमोठ्या भाष्यग्रंथांनी या क्रमाविषयी पुष्कळ लिहिले असले, तरी इतक्या थोडक्यात निकाल दिलेला माझ्या वाचनात नाही. तेव्हापासून जर्सी गाय आमच्या उपासनेत आपल्या योग्य जागी असते.

गावातील ख्रिस्तेतर बंधूंचा माझ्याविषयी एक निराळाच समज आहे. हिंदी चित्रपटांनी सर्व ख्रिस्ती धर्मगुरूंस पांढरा झगा, जाड चष्मा आणि ब्रह्मचर्य ही तीन भूषणे कायमची बहाल केली असल्यामुळे मी येथे सरसहा 'फादर' आहे. एस.टी.त सौभाग्यवती शेजारी बसलेली असता "फादर, दोन तिकिटं का?" असे विचारताना वाहकाच्या मुद्रेवर जे कौतुक आणि जी सहानुभूती एकदम उमटते, तिचे उत्तर देण्यासाठी मला प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा इतिहास, मार्टिन ल्यूथरच्या १५२५ मधील विवाहासह, करंजी येईपर्यंत सांगावा लागेल. मी तो सांगत नाही. दोन तिकिटे घेतो.

खरे पाहता या जिल्ह्यास विवाहित पाळकाचे नावीन्य वाटू नये. अमेरिकन मराठी मिशनने नगरात १८३१ मध्ये ठाणे घातले, आणि हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे पागोट्यातले पाळक त्याच शतकात येथे झाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक या नगर-राहुरीच्या मुलखात वावरले. त्यांचा संसार कसा चालत असे, किंवा खरे म्हणजे कसा चालत नसे, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेले ते पुस्तक मराठी आत्मचरित्रांचा मुकुटमणी होय, असे समीक्षक म्हणतात. आमच्या घरी मात्र त्याचा उपयोग पुराव्याचा कायदा म्हणून होतो. घरातील एखादी वस्तू मी गरजवंतास देऊन टाकली की सौभाग्यवती ते पुस्तक काढते, काही न बोलता योग्य पृष्ठ उघडते आणि माझ्यासमोर ठेवते. टिळकांच्या अंगी कवित्व होते म्हणून त्यांस ते शोभले, ही पुढची टीका ती तोंडी करते.

असो. वहीविषयी सांगत होतो. सेक्रेटरींची खरी कसोटी लागली ती अनुक्रमांक एकाखाली एक असलेल्या दोन अर्जांनी. मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत. त्यांच्या वावरांमधील बांध कोणी कोरला या विषयावर पाथर्डीच्या न्यायालयात त्यांचा दावा चालू आहे, आणि न्यायालयात जे दोन वकील परस्परविरुद्ध मागतात, तेच या दोघांनी देवापाशी मागितले होते: 'बांधाचा निकाल आमच्या बाजूने लागावा.' सेक्रेटरींनी दोन्ही नोंदी महिरपी कंसात घेतल्या आणि बाजूस लिहिले, 'उभय अर्ज एकत्र सुनावणीस ठेवावेत.' २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या आपापली शतकांची वैशिष्ट्ये बाजूस ठेवून उत्तर भारतीय मंडळीत एक झाल्या, ही घटना मी ऐक्यावरील प्रत्येक उपदेशात सांगत आलो आहे. परंतु त्या ज्ञानी पुरुषांपुढे बिशप आणि बाप्तिस्मा यांचेच प्रश्न होते, बांधाचा नव्हता, ही अडचण मला त्या दोघांकडे पाहताना नेहमी जाणवते. दोघे भाऊ एकमेकांचे तोंड दिसू नये म्हणून देवळाच्या दोन टोकांस बसतात आणि गीत मात्र एकाच चुकीच्या पट्टीत म्हणतात.

पावसाची सभा झाली तेव्हाचा प्रसंगही नोंदण्याजोगा आहे. पर्जन्यासाठी प्रार्थना करावयास सारा गाव जमला, पण छत्री फक्त एका लहान मुलीने आणली, ही कथा प्रत्येक उपदेशकाच्या पोतडीत असते आणि मीही ती सांगावी म्हणून तयारीने गेलो होतो. परंतु आमच्या सभेत छत्री घेऊन आलेले एक गृहस्थ खरोखरीच निघाले. मी त्यांच्या विश्वासाची प्रशंसा करण्याच्या बेतात असताना त्यांनी खुलासा केला की ऊन फार आहे. कथा तशीच पोतडीत राहिली.

शेऱ्याचा रकाना या अवधीत जवळजवळ कोराच होता. पाणी लागले तरी अर्जदार ते सांगावयास येत नसे, आणि न लागले तर सांगावयास येण्यासारखे काही नसे. सेक्रेटरी पेन्सिलीने 'प्रलंबित' लिहीत आणि अस्वस्थ होत. ही कोंडी फुटली २०२४ च्या झावळ्यांच्या रविवारी, आणि ती एका गाढवाने फोडली.

आमच्या सणांचे आणि मढीच्या यात्रेचे नाते चंद्राने जुळविले आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो पुनरुत्थानाचा, असा चर्चचा ढोबळ हिशेब. त्यामुळे फाल्गुनी पौर्णिमा उशिरा आली की होळी आणि आमचा पवित्र सप्ताह हातात हात घालून येतात. त्या वर्षी २४ मार्चला सायंकाळी होळी आणि सकाळी झावळ्यांचा रविवार असा योग होता. होळीपासून कानिफनाथांच्या मढीत यात्रा भरते, भटक्या जमातींची पंढरी म्हणून तिची ख्याती आहे, आणि तेथील गाढवांच्या बाजारास काठेवाडी जनावरे दुरून येतात. प्रभू येशूने ज्या वाहनावरून यरुशलेमेत प्रवेश केला त्या वाहनाचा एवढा मोठा बाजार शेजारच्या गावी भरत असता आपण नुसत्या शिंदीच्या झावळ्या हालवीत पायी का चालावे, असा प्रश्न तरुण संघाने उपस्थित केला. तो सयुक्तिक होता.

एक व्यापारी बाजाराच्या वाटेवर वस्तीस थांबला होता, त्यास विचारले. तो म्हणाला, "फादर, ह्याच्यावर वीट लादलीया, वाळू लादलीया, पर आजवर माणूस कुनी बसला न्हाई." त्याने हा इशारा म्हणून दिला होता. परंतु शुभवर्तमानात नेमके असेच शिंगरू सांगितले आहे, ज्यावर पूर्वी कोणी मनुष्य बसला नव्हता. तेव्हा तरुण संघास तो शास्त्राधार वाटला आणि पांढरा अंगरखा घातलेला संडे स्कूलचा एक मुलगा तत्काळ वर चढविण्यात आला. गाढव सभ्यपणे चालले. पण मिरवणूक बाजाराच्या चौकात येऊन ढोलकी आणि झांजा यांच्यासह गीतास आरंभ होताच ते जे थांबले ते थांबलेच, आणि कल्याणास विशाखापट्टणमशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग तिसगावापुरता बंद झाला. गीत बंद केले की ते चालू लागे. गीत सुरू केले की पुन्हा उभे राही, आणि त्या विश्रांतीत पुढच्या मुलाच्या हातची झावळी खाई. अशा रीतीने एक कडवे उभ्याने आणि चार पावले मुक्याने, असे आम्ही देवळापर्यंत पोहोचलो. मागे खोळंबलेल्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजविले ते निषेधार्थ की साथीस, हे मी ठरवू शकलो नाही.

व्यापाऱ्याने भाडे घेण्यास नकार दिला. "पैसं नगं, त्या वहीत आमचं बी लिवा," एवढेच तो म्हणाला, आणि सेक्रेटरींनी विधिवत् नोंद केली: 'गाढवास गिऱ्हाईक मिळावे.' मी ती मागणी त्याच उपासनेत देवापुढे ठेवली. रंगपंचमीस, म्हणजे ३० तारखेस, गाढव त्याच्या मनाजोगत्या किमतीस विकले गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाची उपासना ऐन रंगात आली असता तो गृहस्थ दारात उभा राहून "फादर, काम झालं!" असे म्हणाला. रिकाम्या कबरेच्या वार्तेनंतर त्या सकाळी सर्वांत अधिक आनंद याच वार्तेचा झाला. त्याने मुलांसाठी मढीच्या रेवड्या आणल्या होत्या. मूर्तिप्रसादाविषयी पौलाने करिंथकरांस काय लिहिले आहे, याचा विचार करण्यास एका वडिलांनी प्रारंभ केला, पण त्यांचा विचार पूर्ण होण्यापूर्वीच रेवड्या पूर्ण झाल्या. सेक्रेटरींनी शाईचे पेन काढून शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यानेच लिहिले: 'मंजूर.'

मंडळीच्या पुढील कमिटीत यावरून रण माजले. "आमचे अर्ज दोन-दोन वर्सं पडून, आन् बाहेरच्याचा आठ दिवसांत निकाल?" असा मुद्दा पुढे आला, आणि तो अन्यायाच्या दृष्टीने इतका निर्दोष होता की मलाही क्षणभर पटला. शिवाय त्या माणसाने कानिफनाथांसही मलिदा कबूल केला असणार, तेव्हा अर्ज नेमका कोणत्या कचेरीतून मंजूर झाला, अशीही शंका एकाने काढली. पुढच्या रविवारी मी लूककृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घेतला. अलीशा संदेष्ट्याच्या काळी इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो नामान, परका, सुरियाचा. ही आठवण प्रभूने नासरेथच्या आपल्याच गावकऱ्यांस करून दिली, तेव्हा त्यांनी संतापून त्यास कडेलोट करण्यासाठी डोंगराच्या कड्यावर नेले, असे तेथे लिहिले आहे. करंजीचा घाट आम्हांस जवळ असल्याने मी हा उपदेश थोडक्यात आटोपला.

माझे मत मात्र पक्के झाले आहे. देवाच्या दरबारी मूळ रहिवाशाचा दाखला लागत नाही, आणि तो लागत नाही म्हणूनच माझ्यासारख्यांचा अर्ज तेथे घेतला गेला. कमिटीने बहुमताने ठराव केला की बाहेरच्यांचे अर्ज यापुढेही स्वीकारावेत, शेरा पेन्सिलीनेच लिहावा आणि गाढव निवडताना त्याच्यापुढे आधी ढोलकी वाजवून पाहावी. बांधाचे दोन्ही अर्ज अद्याप प्रलंबित आहेत. न्यायालयाची पुढची तारीख पडली असून, पेट्रोल महाग झाल्यामुळे दोघे भाऊ त्या दिवशी पाथर्डीस एकाच मोटारसायकलीवरून जाणार आहेत.