दोन ओळींचे रणांगण : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य फारसे लागत नाही. १९८७च्या सुमाराचे ब्रिटन, रविवारची पावसाळी दुपार, चौदा वर्षांचे वय आणि वडिलांचा सायॉन ऑर्गनायझर टू. वडिलांची परवानगी असल्यास उत्तम. नसल्यास त्यांचा डोळा लागेपर्यंत थांबावे.

हे यंत्र १९८६ साली बाजारात आले ते फोन नंबर, भेटीगाठी आणि हिशेब ठेवण्यासाठी. कोणी हटकलेच तर सांगावे, की डेव्हिड पॉटर यांची सायॉन ही लंडनची कंपनी आधी सिंक्लेअरच्या संगणकांसाठी विमान उडवायचे गेम विकत असे. तिच्या यंत्रात नुसते पत्ते भरणे हाच खरा अपमान.

सरकते झाकण खाली ओढावे. एबीसीच्या क्रमाने लावलेल्या ३६ कळा आणि वर दोन ओळींचा पडदा दिसेल. ओळीत १६ अक्षरे, म्हणजे एकूण ३२. अक्षरांपेक्षा कळाच जास्त, अशा मैदानावर आता युद्ध पेटवायचे आहे.

मेनूत ‘प्रॉग’ निवडावे. मोठी माणसे सहसा या शब्दाच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे इथे निवांतपणा असतो. भाषा ओपीएल, बेसिक येत असेल तर ती लवकरच ओळखीची वाटते. पहिला गेम अर्थातच ‘मनातला आकडा ओळखा’. तो सगळेच लिहितात. लिहावा, एकदा चालवावा आणि विसरावा.

मग अवकाशयुद्ध. यान म्हणजे ‘ए’ हे अक्षर, अशनी म्हणजे तारांकन. यान डाव्या कडेला उभे, अशनी उजवीकडून येतात. यानाला वर जाता येते किंवा खाली. तिसरी दिशा कंपनीने दिलेली नाही. दोन्ही ओळींत एकदम अशनी सोडू नयेत. तसे केल्यास खेळाडू मरतो खरा, पण त्यात कोणाचेच कसब नसते. कळ वाचायला ‘गेट’ वापरू नये; ते कळ दाबेपर्यंत वाट पाहते आणि त्याच्यासोबत अशनीही अदबीने हवेत थांबतात. ‘की’ वापरावे. कळ दाबली नसेल तर ते शून्य देऊन पुढे चालू लागते. प्रत्येक फेरीत ‘पॉज १’ घालावे, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. ते काढले की जुना तारा पुसट होण्याआधी नवा उमटतो आणि एकाचे दोन दिसू लागतात. याला दोष म्हणू नये, दुसरी पातळी म्हणावे.

(१९८९च्या एलझेड या मॉडेलमध्ये चार ओळी आल्या. माझ्या मते तिथे हा गेम बेचव होतो. पळायला जागा मिळाली की भीती संपते.)

खेळताना ऑन-क्लिअर आणि मग क्यू दाबले की प्रोग्रॅम बंद पडतो. हे टाळायला ‘एस्केप ऑफ’ ही आज्ञा आहे आणि नवशिक्याला ती फार आवडते. पण लूपमधून बाहेर पडायची अट लिहायची राहिली, तर ९ व्होल्टची बॅटरी काढण्यावाचून गत्यंतर नाही. बॅटरीबरोबर अंतर्गत मेमरीतले सगळे जाते : यान, अशनी, विक्रमी स्कोअर आणि वडिलांचे समस्त ग्राहक. ही आज्ञा अगदी शेवटी घालावी; रविवारी रात्री तर घालूच नये.

म्हणून गेम डेटापॅकवर, म्हणजे यंत्रात खोचायच्या मेमरीच्या पॅकवर, ठेवावा. तिथे मात्र खोडलेल्या मजकुराची जागा परत मिळत नाही; अख्खा पॅक अतिनील प्रकाशाखाली धरून पुसावा लागतो. एक स्वल्पविराम सुधारला तरी पूर्ण गेम नव्याने लिहिला जातो. यामुळे आधी विचार करून मग लिहायची सवय लागते असे म्हणतात. प्रत्यक्षात पॅक आधी भरतो.

शेवटी गेम मुख्य मेनूत बसवावा. ‘मोड’ दाबून त्याचे नाव टाकले की झाले. नाव मात्र ‘फ्लाय’ ठेवू नये. आजवर एफ दाबताच ‘फाइंड’ उघडत होते. आता एफची नावे दोन झाल्याने कर्सर नुसता सरकतो आणि आपल्या यंत्रात कोणीतरी येऊन गेले हे वडिलांना कळते. झेड अक्षर मोकळे आहे, ‘झॅप’ चालेल. स्फोटाचा ‘बीप’ वडील घराबाहेर पडल्यावर जोडावा.