संसारोपयोगी सूचना: नवविवाहित डासिणींसाठी

एडिस इजिप्ती घराण्यातल्या, म्हणजे डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका यांची ने-आण करणाऱ्या, पायांत पांढरे पट्टे मिरवणाऱ्या सुवासिनींसाठी या सूचना आहेत. गटारीत रमणाऱ्या क्युलेक्स भगिनींनी इथे वेळ घालवू नये. सर्व उदाहरणं आमच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतली आहेत. तिथे माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, संग्रह असतो.

१. आधी धोरण ठरवा.
जगात संसाराच्या दोन तऱ्हा. हत्तीण बावीस महिने पोट सांभाळते, एक पिल्लू घालते आणि मग वर्षानुवर्षं त्याच्या मागेपुढे करते. दुसरी तऱ्हा आपली: एका खेपेला शंभरेक अंडी आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही. रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली गणितातली दोन अक्षरं या तऱ्हांना चिकटवली. भराभर वाढणाऱ्यांना ‘आर’, गर्दीत टिच्चून राहणाऱ्यांना ‘के’. पुढच्या अभ्यासकांनी ही वाटणी फार ढोबळ म्हणून नाकं मुरडली, पण आपण ‘आर’ पक्षाच्या निष्ठावंत कार्यकर्त्या आहोत. डबकं आज आहे, उद्या आटेल. एकुलत्या एकावर सगळा जीव लावला आणि डबकंच आटलं तर? शंभरांतलं एक जोडपं तगलं तरी घराणं चालू राहतं. बाकीच्यांचं सुतक धरायला आपल्याला सवड नाही.

२. लग्न एकदाच करावं.
उडता उडता दोघांनी पंखांचा सूर जुळवून घ्यावा. ही दंतकथा नव्हे, शास्त्रज्ञांनी तो मोजलाय. त्या एका भेटीचं बीज शरीरातल्या पिशवीत जन्मभर पुरतं. नवऱ्याची पुढे चौकशी करू नये.

३. आहार.
नवरा फुलातल्या रसावर राहतो, पक्का शाकाहारी. तुम्हालाही एरवी तेवढंच पुरतं, पण अंडी पिकवायची तर रक्त हवं. वेळ सकाळची आणि दिवेलागणीच्या आधीची. एकाच ताटावर बसू नये. झटकलं की उठावं, शेजारच्या पोटरीवर जावं. एका डासिणीपायी अख्खं घर आजारी पडू शकतं ते यामुळेच, आणि मग पपईच्या पानांचा रस घेऊन सगळी सोसायटी आमच्या दारात उभी राहते.

४. जागा पारखून घ्यावी.
तुमच्या आफ्रिकेतल्या पूर्वज झाडांच्या ढोलीतल्या पाण्यावर भागवत. माणसानं पाणी साठवायला सुरुवात केली आणि त्या जंगल सोडून त्याच्या घरी आल्या. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून त्यांनी समुद्रही ओलांडला. थोडक्यात, तुमची सुबत्ता तुमच्या कुशीत नाही, ती माणसाच्या अडगळीत आहे. स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी शोधा. बाटलीच्या बुचात मावेल एवढंही पुरतं.

आमच्या गच्चीवर पुढील निवासस्थानं उपलब्ध आहेत: कान तुटलेली बादली (‘कान बसवून घेऊ’), विकलेल्या स्कूटरचा न विकलेला टायर (‘कुंडी होईल’), रंगाचे डबे (‘चांगला पत्रा आहे’), टाकीचं जुनं झाकण उलटं ठेवलेलं, करवंट्यांचा ढीग बंबासाठी आणि स्वतः बंब, ज्याला गीझर आल्यापासून काम नाही. अण्णांनी आयुष्यात एकही वस्तू टाकलेली नाही. भंगारवाल्याची हाक आली की ते खिडकीशी जाऊन उभे राहतात, पहाऱ्याला.

इथे तुमच्या नशिबाचं कौतुक वाटतं. शंभर लेकरं सोडून तुम्ही मागे वळून पाहत नाही, आणि अण्णा एका गंजक्या डब्याची रोज सकाळी वर जाऊन विचारपूस करतात. तुमची माया शून्य, त्यांची अपार. तुमच्या पोरांचं पालकत्व त्यांनीच घेतलंय, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

पाण्याचा निळा ड्रम मात्र या यादीत धरू नका. अण्णांचं लहानपण बीडकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ते शाळकरी पोर होते, आणि आईबरोबर घागर घेऊन कुठवर जावं लागे ते अजून जेवताना मध्येच सांगतात. आमच्या नळाला पाणी येतं तासभर, तेही लहर लागली तर. अशा माणसाला ‘पाणी भरून ठेवू नका’ म्हणणारी मी कोण? नळ दिवसभर वाहिला असता तर ड्रम लागलाच नसता. नळाबद्दलची ही सूचना खरं तर डासिणींसाठी नाही. जिथे करायची तिथे करून झाली.

ड्रमला हल्ली जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधलेलं असतं. पूर्ण बांधलेलं असेल तर नाद सोडावा. दोरी ढिली असेल तर आत या.

५. अंडी एका जागी घालू नयेत.
थोडी बादलीत, थोडी टायरमध्ये, थोडी बंबात. ठेवी चार बँकांत ठेवाव्यात हे अण्णाही सांगतात.

६. अंडी पाण्यात नको, काठावर घालावीत.
पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला, एकेक चिकटवावं. ही आपल्या घराण्याची खरी विद्या. माणूस बादली उपडी करतो, हात झटकतो आणि सुटलो म्हणतो. अंडी भिंतीला तशीच. वाळली तरी ती कित्येक महिने तग धरतात, उन्हाळा काढतात, आणि जूनमध्ये पाणी वर चढलं की फुटतात. तीही सगळी एकदम नाही. काही पहिल्या पाण्याला, काही पुढच्या. पहिला पाऊस फसवा निघाला तरी शिल्लक राहते.

७. मुलांना वाढवू नये.
ती वाढतात. अळी, कोष, डास: उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांचं काम. माणसांनी आठवड्याला एक ‘कोरडा दिवस’ ठरवलाय तो हा हिशेब पाहूनच. सुदैवानं तो पाळायची आठवण आठवड्याला होत नाही.

८. लांब जाऊ नये.
शे-दोनशे मीटरच्या आत सगळं मिळतं. म्हणून ‘डास समोरच्या इमारतीतून येतात’ असं सेक्रेटरी म्हणाले की आधी आपल्या गच्चीवर जाऊन पाहावं.

९. गप्पी माशांना किती भ्यावं?
एरवी पुष्कळ. आरोग्य खात्याच्या मुलानं आमच्या हौदात सोडलेल्यांना कमी. गप्पी आपल्याच पक्षातली, अंड्यांची भानगड न ठेवता महिन्या-महिन्याला थेट पिल्लंच घालते, आणि अळ्या मिटक्या मारत खाते. पण अण्णा त्यांना दुपारी पोळीचा चुरा घालतात. पोट भरलेल्या माशाला अळीच्या मागे धावायचा उत्साह राहत नाही.

१०. काथ्याला मात्र भ्यावं.
औषधाचा धूर येतो आणि जातो, भिंतीवरच्या अंड्यांना तो काही करत नाही. काथ्या करतो. आतून खसाखसा घासलं की महिनोन्महिन्यांची ठेव बुडाली. घरातलं राजकारणही आता तुमच्या विरोधात गेलंय. पूर्वी मी ‘अण्णा, हे टाका’ म्हणायची आणि दोन दिवस अबोला व्हायचा. आता ‘अण्णा, हे घासून ठेवा’ म्हणते. टाकायचं नसेल तर अण्णा काहीही घासतील. दर रविवारी ते बंडी घालून गच्चीवर बसतात, बादली, डबे, बंब लख्ख करतात, उरलेलं पाणी तुळशीला घालतात आणि एकेक वस्तू उपडी मांडतात.

तरीही धीर सोडू नये. नवा काथ्या आणला म्हणून जुना टाकलेला नाही. तो टाकीमागे एका डालड्याच्या डब्यात ठेवलाय, डबा सुलटा आहे आणि झाकण हरवलेलं आहे.