हाताने जोडलं, खिशाने फेडलं

गिटारवाल्यांना चारचौघांत एक प्रश्न विचारू नये. तुमचा अ‍ॅम्प हाताने जोडलेला आहे हे तुम्हाला ऐकू येतं, की फक्त माहीत असतं?

तरी विचारावा लागतो, कारण किंमत. फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब हा साठच्या दशकातला २२ वॅटचा अ‍ॅम्प. आज तो दोन अवतारांत मिळतो. '६५' नावाचा अवतार छापील सर्किट बोर्डवर बांधलेला, साधारण दीड-पावणेदोन हजार डॉलरचा. '६४ कस्टम' मात्र हाताने तारा जोडलेला, अडीच हजारांच्या वरचा. म्हणजे इतिहासात एक वर्ष मागे जायचं भाडं हजारेक डॉलर!

बरं, फक्त जोडणी बदलली असती तर कानांची परीक्षा तरी घेता आली असती. पण महागड्या अवतारात स्पीकरही वेगळा बसवलाय, आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, दोन्ही चॅनेलना दिलाय. आता आवाज वेगळा लागला तर श्रेय कोणाला? अर्थात सोल्डरला. आवाजावर सर्वात जास्त हुकमत ज्याची, तो स्पीकर जाळीमागे बसून राबतो आणि जाहिरातीत मिरवतात तारा.

गंमत अशी की, १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला, फेंडरच्या कारखान्यात, हाताने जोडणं ही मुळी कलाच नव्हती. लिओ फेंडर रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून आलेला माणूस. फायबरच्या पट्टीत पोकळ पितळी रिव्हेट ठोकायचे, त्यात कॅपॅसिटर-रेझिस्टरचे पाय खोवायचे, सोल्डर करायचं, पुढचा नग घ्यायचा. कारखान्यातली ही रोजची जोडणी बहुतेक बायकांच्या हातची, त्यातल्या कितीतरी मेक्सिकन वंशाच्या. काम झालं की मास्किंग टेपच्या तुकड्यावर स्वतःचं नाव लिहून त्या तो आत चिकटवायच्या. आजचा संग्राहक जुना अ‍ॅम्प उघडतो, आत 'लिली' दिसलं की हरखून जातो. लिलीला पगार काय मिळायचा, हे शोधायला कोणी अ‍ॅम्प उघडत नाही.

लंडनकडची कथाही फारशी दैवी नाही. १९६२ साली जिम मार्शलच्या हॅनवेलमधल्या दुकानातल्या माणसांनी फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून जेटीएम ४५ हा अ‍ॅम्प बनवला, कारण अमेरिकेहून आलेला फेंडर तिथल्या पोरांना परवडत नव्हता. आज ज्याला 'अस्सल ब्रिटिश आवाज' म्हणून ओवाळतात, त्याचा उगम हा असा काटकसरीत.

'हाताने केलं म्हणजे चांगलंच' म्हणणाऱ्यांसाठी सीबीएसचा काळ आहे. १९६५ साली या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे सत्तरच्या दशकात निघालेल्या चंदेरी पट्टीच्या अ‍ॅम्पना जाणकार नाकं मुरडतात. तेही हातानेच जोडलेले होते! तारा इतक्या वेड्यावाकड्या टाकलेल्या की अ‍ॅम्पने आपल्याआपणच किंचाळू नये म्हणून जादा कॅपॅसिटर लावून त्याचं तोंड दाबावं लागलं. उलट १९८७ चा सोल्डॅनो एसएलओ-१००, ज्याच्यापुढे रॉकवाले साष्टांग घालतात, तो छापील बोर्डवर. इलेक्ट्रॉनला वाट मिळाल्याशी मतलब. वाट कोणी बांधली याची तो चौकशी करत नाही.

मग जास्तीचे पैसे पाण्यात? तसंही नाही. ते दुरुस्तीचे आहेत. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हचे सॉकेट, नॉब आणि गिटारची पिन घालायची भोकं, सगळं थेट बोर्डवरच बसवलेलं असतं. व्हॉल्व्ह तापतात, केबलला हिसके बसतात, सोल्डर तडकतं. एक भाग बदलायला अख्खा बोर्ड बाहेर काढायचा, आणि काढताना तांब्याची पट्टी उखडली की पुढचं काम वाढलंच. हाताने जोडलेल्यात हे जड भाग चेसिसला कसलेले असतात. बिघडलेला एक रेझिस्टर काढला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला दुसरा लावला, विषय संपला. फक्त लावणारा जाणता हवा, कारण अ‍ॅम्प बंद केल्यावरही आत चारशे-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. पण जाड, चांगल्या बोर्डचा अ‍ॅम्पही सॉकेट चेसिसला कसले असतील तर वर्षानुवर्षं टिकतो. पाहायचं ते हे. हात कोणाचा लागला ते नव्हे.

पण पाहू देतो कोण? कॅलिफोर्नियाचा हॉवर्ड डम्बल, ज्याचे अ‍ॅम्प आज एक लाख डॉलरच्याही पुढे जातात, तो कोणी नक्कल करू नये म्हणून सर्किटवर इपॉक्सी ओतायचा. सगळ्यात महागडी हातची कारागिरी, आणि तीच झाकलेली! भक्तांचं काही अडलं नाही. दर्शन बंद झालं की देवाचा भाव वाढतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला आधी मागचं फळकूट उघडायला सांगा. त्याने सॉकेट, चेसिस, ट्रान्सफॉर्मर दाखवले तर खुशाल घासाघीस करा. 'याच्या आवाजात आत्मा आहे हो' म्हणाला, तर नम्रपणे विचारा : आत्मा अमर असतो हे ठाऊक आहे, वॉरंटी किती वर्षांची?