उद्धटपणाचे प्राथमिक पाठ

हे मार्गदर्शन जन्मजात उद्धटांसाठी नाही. फोनवरच्या भामट्यांपासून ते सुरक्षितच आहेत. अनोळखी नंबरवरून आलेला फोन ठेवतानाही ज्यांच्या तोंडून 'बरं, ठेवू का मग?' निघतं, त्या सभ्य मंडळींनी पुढे वाचावं.

प्रशिक्षणासाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटला यावं. रोड नंबर 22 वर पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पासपोर्ट नको असला तरी चालेल, दारावरच्या सुरक्षारक्षकापासून थोडं लांब उभं राहून त्याचं निरीक्षण करावं. समोरचा डॉक्टर असो की नगरसेवकाचा मेहुणा, हा आधी कागद बघतो, मग वेळ बघतो आणि म्हणतो, "बाजूला उभे राहा." आवाज चढवला तर त्याला ऐकू येत नाही. "घाई आहे हो" म्हटलं की तो आणखी सावकाश होतो. आपला फोन वाजला की हीच मुद्रा धारण करायची आहे. (ज्यांना खरोखर पासपोर्ट हवा आहे त्यांनी पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरच अर्ज भरावा. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये आहे. जास्त मागणारी साइट दिसायला कितीही सरकारी असली तरी खासगी समजावी.)

पहिला सराव सोपा आहे. 'मागील बिल अपडेट नसल्यामुळे आज रात्री 9.30 वाजता आपली वीज तोडण्यात येईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क साधा.' असा मेसेज आला की सभ्य माणूस आधी फ्रिजमधल्या दुधाचा विचार करतो. उद्धट माणूस विचारतो, महावितरणवाले साडेनऊ म्हणजे साडेनऊलाच येतील, असं कोण म्हणतं? मग तो बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या अ‍ॅपमध्ये थकबाकी बघतो आणि जेवायला बसतो.

दुसरा सराव अवघड आहे, कारण यात साहेब येतो. व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभ. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.' भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. तरीही निवृत्त माणसं घराचं दार लावून कॅमेऱ्यासमोर बसून राहतात, कारण आयुष्यभर खुर्चीतल्या माणसाला 'हो साहेब' म्हणायची जिभेला सवय.

या बाबतीत आपण एकटे नाही, एवढं समाधान मानावं. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून थेट अमेरिकन लोकांना दम भरत होती. कर थकलाय, अटक होईल, गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर सांगा! आणि लोक सांगत होते. कर कधी गिफ्ट कार्डाने भरतात का, हे विचारण्याइतका उद्धटपणा तिकडेही दुर्मिळच निघाला. म्हणून अशा साहेबाला अत्यंत नम्र आवाजात 'वॉरंट घेऊन घरी या, रिक्षा मीटरनेच करा' असं सांगून फोन ठेवावा. 'ठेवू का?' विचारू नये.

यूपीआयचा नियम एका ओळीत. पैसे घेताना पिन लागत नाही. जुन्या सोफ्याचे पैसे देण्यासाठी जो तुम्हालाच क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो, त्याला सोफा नको आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चलान एपीके फाइल असेल तर उघडू नये, गाडी एमएच 04 ची असली आणि सिग्नल खरंच तोडलेला असला तरी. दंड सरकारी साइटवर दिसेलच, तो कुठे पळून जात नाही.

आता थोडं गंभीर. 2023 साली याच वागळे इस्टेटमधल्या एका पेमेंट गेटवे कंपनीची यंत्रणा हॅक करून सुमारे 25 कोटी रुपये पळवल्याची तक्रार श्रीनगर पोलीस ठाण्यात नोंदली गेली. धागा ओढत गेल्यावर पोलिसांनी जो व्यवहारांचा आकडा सांगितला, तो 16,180 कोटींचा होता, आणि हा पैसा असंख्य बँक खात्यांमधून फिरला होता. कंपनीची भिंत आपण राखू शकत नाही. पण 'तुझं खातं फक्त महिनाभर वापरायला दे, कमिशन मिळेल' म्हणणारा मित्र किसननगरच्या चहाच्या टपरीवरही भेटतो. त्याचा चहा प्यावा, पासबुक दाखवू नये.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजेपोटी रात्रभर गप्प बसू नये. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. पैसा मधल्या एखाद्या खात्यात असेपर्यंत गोठवता येतो, म्हणून इथे सावकाशपणा अजिबात चालणार नाही. बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवणं तुमच्या फायद्याचं असतं. त्यानंतर बायकोला सांगावं. हा क्रम कटाक्षाने पाळावा.

अखेरचा पाठ नातेवाइकांचा. नव्या नंबरवरून मेसेज येतो, 'मामा, फोन बिघडलाय, अर्जंट पंधरा हजार पाठवा.' लगेच भाच्याच्या जुन्या नंबरवर फोन करावा. लागला नाही, तर घरच्यांनाच माहीत असेल असं काही विचारावं. आजोळच्या म्हशीचं नाव, मोठ्या मावशीने लग्नात कोणाशी भांडण काढलं होतं, असं काहीही. उत्तर चुकलं तर नंबर ब्लॉक करावा. उत्तर बरोबर आलं तर तो बहुधा खरा भाचाच आहे. मग पैसे न देण्याची नेहमीची कारणं सांगावीत.